लांब केसांची मांजर: रोज फणी, बाकी काही लावू नका

आजच्या गप्पा जनावरांच्याच आहेत, पण गाय, शेळी किंवा कोंबडीच्या नाहीत. आज आपण बोलणार आहोत लांब केसांच्या मांजरीबद्दल, आणि तिचे केस घरच्या घरी कसे राखायचे याबद्दल.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, ही तर शहरातल्या लोकांची हौस, आपल्याला काय तिचं? पण ही मांजर आता आपल्या अंगणात पोचली आहे. नागपुरात कुणी हौसेनं पर्शियन मांजर आणतं. पुढे बदली होते, नाहीतर केस काढून काढून जीव कंटाळतो. मग ती मांजर गावच्या आत्याकडे, मामीकडे येते. आपल्यातल्या कितीतरी जणी शहरात घरकामाला जातात. तिथली बाई हातात फणी देते आणि म्हणते, जरा हिचे केस विंचर गं. कधी तर आपल्या गावठी मांजरीलाच चार पिल्लांत एक झुपकेदार केसांचं होतं. त्यात नवल काही नाही. लांब केसांचा गुण आईबापांत लपलेला असतो. दोघांकडूनही तो पिल्लात आला की केस लांब होतात, आईबापांचे केस आखूड असले तरी.

आधी ही मांजर मूळची कुठली ते थोडं सांगतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. सोळाशे वीसच्या सुमारास, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी, पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटलीचा एक प्रवासी इराणात फिरत होता. तिथल्या खोरासान भागातल्या लांब, मऊ केसांच्या मांजरी त्याला फार आवडल्या आणि त्या आपल्या देशात न्यायचं त्यानं मनावर घेतलं. हाच माणूस पुढे १६२३ मध्ये सुरतेला आणि गोव्यालाही येऊन गेला. पुढे युरोपातल्या थंड देशांत लोकांनी या मांजरींचे केस आणखी लांब, आणखी दाट होतील अशी निवड करत त्यांची पैदास केली. म्हणजे थंडीत शोभणारा हा अंगरखा आहे. खाली कापसासारखा मऊ थर आणि वर लांब केसांचा थर. आणि हा अंगरखा घालून ती आपल्या नागपूरकडे राहते, जिथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. अंगरखा तिला काढता येत नाही. तो मोकळा ठेवायचं काम आपलं.

आता आजची मुख्य गोष्ट. एवढी एक लक्षात राहिली तरी पुरे. मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. तिच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. तिनं तुमचा हात चाटला की किसणी फिरल्यासारखं वाटतं ते त्यामुळेच. हे काटे मागे वळलेले असल्यामुळे जिभेवर आलेला केस तिला थुंकता येत नाही, तो गिळावाच लागतो. केसाला लागलेलं दुसरं जे काही असेल, तेही केसाबरोबर पोटात जातं. म्हणून आम्ही म्हणतो, मांजरीच्या अंगाला जे लावलं ते तिला खाऊ घातलं. तेल लावलं तर तेल, पावडर टाकली तर पावडर, फिनेलच्या ओल्या फरशीवर ती बसली तर फिनेल. आजची बाकी सगळी माहिती या एका गोष्टीवर उभी आहे.

मग केस राखायचे कशानं? फणीनं. मोकळे झालेले केस फणीत आले, तर ते पोटात जात नाहीत. जे पोटात जातात त्यातले बरेच शेणखड्यातून, म्हणजे तिच्या विष्ठेतून, निघून जातात. उरलेल्यांचा गोळा होतो आणि ती ओकारी काढून तो बाहेर टाकते. कधीमधी लांबट, ओला, केसांचा गोळा पडला तर घाबरू नका. पण ती सारखी ओकारी काढते, काही निघत नाही, खाणं सोडलं आहे आणि शीही होत नाही, असं दिसलं तर आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा घरी एरंडेल वगैरे पाजत बसू नका, दवाखान्यात न्या.

आता जट. हा शब्द आपल्याला नवा नाही. केस गळतात, पण लांब केसांत गळलेला केस खाली पडत नाही, शेजारच्या केसांत अडकतो. त्यात अंगाचं तेल, धूळ आणि ओल मिसळली की गुंता होतो. गुंत्यावर गुंता बसून नमद्यासारखा घट्ट गोळा तयार होतो. बाईच्या डोक्यात जट होते तीही अशीच. तिला देवीचं नाव देऊन हात लावायचा नाही म्हणतात, आणि बिचारी वर्षानुवर्षं मान दुखवत ते ओझं वाहते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा कितीतरी जणींच्या जटा सोडवल्या आहेत. मांजरीची जटही तशीच दुखते. ती चालते, उडी मारते, तेव्हा प्रत्येक वेळी खालची कातडी ओढली जाते. जटेखाली वारा लागत नाही, घाम नाही पण ओल साचते, कातडी लाल होते आणि कधी खाली किडेही पडतात. उन्हाळ्यात तर आणखी एक त्रास. मांजर अंग चाटून थुंकी पसरवते आणि ती वाळताना तिला गार वाटतं. जटा झालेल्या अंगाला ही सोयच राहत नाही.

जटा होतात कुठे, ते हातानं चाचपून बघा. कानांच्या मागे, बगलेत, पोटावर, मागच्या जांघांमध्ये, शेपटीखाली आणि गळ्यात पट्टा असेल तर पट्ट्याखाली. वरून पाठ रेशमासारखी दिसते आणि बगलेत लिंबाएवढी जट असते. म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, बोटांवर ठेवा.

सामान फार लागत नाही. एक स्टीलची रुंद दातांची फणी, दातांची टोकं बोथट असलेली. एक बारीक दातांची फणी, आपण उवा काढायला वापरतो तशी. एक जुना सुती कपडा. दोन्ही फण्या मांजरीसाठी वेगळ्याच ठेवा. पोरींच्या वेणीफणीच्या डब्यात त्या टाकू नका. का ते पुढे सांगतो.

आता करायचं कसं. वेळ निवडा ती मांजर पेंगुळलेली असते ती, जेवणानंतरची. जमिनीवर बसा, मांडीवर कपडा टाका. आधी फणी नाही, नुसता हात फिरवा. गाल, हनुवटी, कानांमागे, तिला आवडतं तिथून सुरुवात. मग रुंद फणी. न्हाल्यावर पोरीचे केस आपण कसे सोडवतो? मुळापासून ओढत नाही, ती रडेल. आधी टोकं सोडवतो, मग थोडं वर, मग आणखी वर. अगदी तसंच. एका हातानं केस मुळाशी धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि दुसऱ्या हातानं टोकाकडून विंचरत या. पाठ, बाजू, मान झाली की शेवटी पोट आणि जांघा. पोटाची कातडी फार नाजूक, तिथे हात हलका.

शेपटी आपटायला लागली, कान मागे गेले, अंगावरची कातडी थरथरली, की समजा तिचं "पुरे" आलं. थांबा. धरून दाबून विंचरलं तर उद्या फणी बघूनच ती पळेल. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं झाली तरी चालेल. सवय झाली की रोज दहा मिनिटं. झाल्यावर उकडलेल्या मासळीचा किंवा कोंबडीचा एक तुकडा द्या, बिनमिठाचा, बिनमसाल्याचा. कांदा-लसूण लागलेला मुळीच नको, ते मांजरीच्या रक्ताला बाधतं. होळीच्या सुमारास, थंडी सरून दिवस मोठा होऊ लागला की केस जास्त गळतात. त्या दिवसांत एक दिवसही सोडू नका.

कोवळी जट बोटांनीच सुटते. तिच्यावर चिमूटभर मक्याचं पीठ, म्हणजे दुकानात मिळतं ते पांढरं कॉर्नफ्लोअर चोळा. पोटात गेलं तरी बाधत नाही, आणि केस सुटे व्हायला मदत होते. मग जट चिमटीत धरून दोन बाजूंना फाकवा, एकीच्या दोन करा, दोनाच्या चार, आणि मग फणीच्या टोकानं कडेकडेनं उकला. कात्री घेऊ नका. मांजरीची कातडी पातळ आणि सैल असते, जट ओढली की कातडीही तिच्यासोबत वर येते. केस कुठे संपले आणि कातडी कुठे सुरू झाली ते दिसत नाही, आणि कचकन कातडीच कापली जाते. अंगाला चिकटलेली घट्ट जट असेल तर ती पशुवैद्याकडून मशीननंच काढून घ्यायची.

पावसाळा संपला की आपल्याकडे गवताची कुसळं आणि गोखरू सगळीकडे. बाहेर फिरणारी मांजर ते अंगावर घेऊन येते. कुसळ टोकदार असतं, ते केसांतून कातडीत शिरतं. त्या दिवसांत बोटांच्या मधले केस आणि बगला रोज संध्याकाळी बघा.

बारीक फणी पिसवांसाठी. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कपड्यावर टाका. कणाभोवती तांबूस डाग पसरला, तर ती धूळ नाही, ती पिसवांची घाण आहे, पचलेलं रक्त. म्हणजे पिसवा आहेत. पिसवा फणीत सापडल्या की साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवा. मांजरीचं अंथरूण, तुमची गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. नागपूरचं ऊन इथे कामाला येतं. पिसवा जास्त असतील तर पशुवैद्याला विचारून मांजरीसाठीचंच, तिच्या वजनाप्रमाणे औषध घ्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जरा जवळ या. आमच्या ओळखीच्या एका गटातल्या ताईंकडे शेळ्या आहेत. शेळ्यांच्या गोचिडांचं औषध त्यांनी पाण्यात कालवलं होतं. उरलेलं फेकायचं कशाला, म्हणून त्यात कपडा बुडवून मांजरीच्या अंगावरून फिरवला. मनात माया होती, काळजी होती. संध्याकाळपर्यंत मांजरीच्या तोंडातून लाळ गळू लागली, कान आणि पाय झटके देऊ लागले. वेळेवर दवाखान्यात नेली म्हणून वाचली. सगळ्या वाचत नाहीत.

असं का होतं? गाय, शेळी, कुत्रा यांचं शरीर काही औषधं मोडून बाहेर टाकतं. मांजरीच्या यकृतात ती ताकद कमी आहे. जे कुत्र्याला पचतं ते तिच्या अंगात साचतं. म्हणून ही नावं लिहून घ्या: परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमित्राझ. गोचीड, माश्या, पिसवा यांच्या बाटल्यांवर आणि कुत्र्याच्या पावडरींवर ही नावं असतात. कुत्र्यासाठीचं औषध थोडं कमी करून मांजरीला, असा हिशेब करू नका. उवांसाठी आपल्याकडे कुणी रॉकेल लावतं, तेही नको. कापूर नको. कडुनिंबाचं तेल झाडाचंच म्हणून लावू नका, त्यानंही मांजरी आजारी पडतात. आणि आपल्या संत्र्याच्या गावात एक खास गोष्ट: संत्र्याच्या किंवा लिंबाच्या सालीचं तेल पिसवांवर चांगलं म्हणून अंगाला चोळू नका. सालीतलं तेल मांजरीला विषारी आहे. फिनेलनं फरशी पुसली तर ती पूर्ण वाळेपर्यंत मांजरीला त्या खोलीत येऊ देऊ नका. आणि ताप आला असं वाटून पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा कधी देऊ नका. एका गोळीनं मांजर जाते.

चुकून असं काही लागलंच, तर लगेच कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घेऊन अंग धुवा, टॉवेलात गुंडाळा म्हणजे ती चाटणार नाही, आणि बाटली किंवा पुडा सोबत घेऊन थेट दवाखान्यात जा. दूध पाजणं, मिठाचं पाणी पाजून ओकवणं, यात वेळ घालवू नका.

आंघोळीचं काय? रोज विंचरलेल्या मांजरीला आंघोळ क्वचितच लागते. घालायचीच तर आधी सगळे केस सोडवा. जट भिजली की आणखी आवळते, ओल्या दोरीच्या गाठीसारखी. पाणी कोमट, तोंडावर आणि कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, शाम्पू मांजरीसाठीचाच. माणसाचा शाम्पू तिच्या कातडीला चालत नाही. फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा, कारण राहिला तर तोही ती चाटणारच. मग टॉवेलनं दाबून दाबून टिपा आणि मुळापर्यंत कोरडं करा. ओलं अंग घेऊन तिला कूलरसमोर बसवू नका. पावसाळ्यात आंघोळ शक्यतो टाळाच, ओल राहिली की बुरशी धरते.

चपट्या तोंडाच्या मांजरीचे डोळे सारखे पाझरतात. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून, नाकाजवळून बाहेरच्या बाजूला पुसा. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला वापरू नका. शेपटीखालचे केस खराब होतात, तिथे हातात प्लास्टिकची पिशवी घालून ओल्या कपड्यानं पुसा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम आणि विष्ठेची पाटी साफ करायचं काम दुसऱ्यानं करायचं, आणि पाटी रोजच्या रोज साफ करायची. मांजरीच्या विष्ठेतून गर्भाला बाधणारा एक आजार येऊ शकतो. विष्ठा ताजी असताना तो पसरत नाही, पडून राहिली की पसरतो. म्हणून गरोदरपणात मांजर हाकलायची गरज नाही, पाटी दुसऱ्याच्या हाती द्यायची.

नवतपा आला की सगळ्यांना एकच सुचतं, हिचं टक्कल करून टाकू. नका करू. तेच केस उन्हापासून तिच्या कातडीला वाचवतात. मोकळे, विंचरलेले केस असले की त्यातून वारा खेळतो. तिला सावलीची खोली, गार फरशी, मातीच्या भांड्यात दोन-तीन ठिकाणी पाणी द्या. पत्र्याच्या खोलीत दुपारी कोंडू नका. मांजर कुत्र्यासारखी जीभ काढून धापा टाकत नाही. ती तोंड उघडून धापा टाकते, लाळ गळते, चालताना झोकांड्या जातात, असं दिसलं तर उष्माघात समजा. सावलीत न्या, साध्या पाण्यानं पंजे आणि अंग ओलं करा, बर्फ लावू नका, आणि दवाखाना गाठा.

आता फणी वेगळी का, ते. लांब केसांच्या मांजरींना गजकर्ण होतं, आणि केसांत ते झाकलेलं राहतं. विंचरताना गोल, केस गेलेला, खपलीसारखा चट्टा दिसला तर ती बुरशी आहे. ती पोरांना लागते, आपल्यालाही लागते. आपला गजकर्णाचा मलम तिला लावू नका, ती चाटेल. पशुवैद्याला दाखवा. विंचरून झालं की हात साबणानं धुवायचेच. विंचरताना नख लागलं, दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. रेबीज मांजरीपासूनही होतो. मांजरीलाही दरवर्षी रेबीजची लस द्या.

शेवटी एक खूण सांगतो. जी मांजर स्वतःला नीट चाटत होती आणि अचानक तिच्या अंगावर जटा होऊ लागल्या, ती बहुतेक आळशी नाही, आजारी आहे. दात दुखत असेल, सांधे धरले असतील, वजन वाढून तिची जीभ पाठीपर्यंत पोचत नसेल. रोज दहा मिनिटं हात फिरला की गाठ, जखम, चट्टा, रोडावलेलं अंग, सगळं लवकर कळतं. नागपुरात सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या दवाखान्यात मांजरीही बघतात. गावाकडे आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीसाठी एक काम. घरात गोचिडांच्या, माश्यांच्या औषधाची जी बाटली, जो पुडा असेल त्यावरचं नाव वाचून या. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. आज सांगितलेल्या चार नावांपैकी एखादं त्यावर असेल, तर खडूनं किंवा पेनानं मोठ्या अक्षरांत लिहा, "मांजरीला नको". आणि ती बाटली फडताळात वर ठेवा. ज्यांच्याकडे मांजर नाही त्यांनीही लिहा. शेजारची मांजर तुमच्याच चुलीजवळ येऊन बसते, हे आम्हाला ठाऊक आहे.

पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.